आप्पांची कोठी

"आप्पा माईक घेऊन दारात आला, की म्हातारं महिन्यात जातं," असं सिरसाळ्यात बोललं जाई. थट्टेतच, पण बोलणारा लगेच वळून रस्त्याकडे एकदा बघून घेई. मी विज्ञानाची पदवीधर. भानामती, करणी, लागीर यांतलं मी तेव्हा काही मानत नव्हते आणि आजही मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझी कीव करायला नको.

आप्पा आमचे घरमालक. गावोगावी कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या झळकायला लागल्या त्या दिवसांत सिरसाळ्याच्या शाळेनेही काही यंत्रं आणली आणि ती धूळ खाऊ नयेत म्हणून मला नेमलं. आईला घेऊन मी अंबाजोगाईहून आले आणि बाजारपेठेतल्या आप्पांच्या घराच्या माडीवर आम्ही बिऱ्हाड थाटलं. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान, मागे राहायच्या खोल्या, आणि सगळ्यात आत, जिथं पूर्वी ज्वारीची पोती ठेवत, ती बिनखिडकीची कोठी.

पहिल्याच सकाळी चहा गाळता गाळता आई थांबली. "खाली बाई कोण हाय गं? तू तर म्हणलीस, म्हातारा एकटाच ऱ्हातो."

मी कान दिला. खालून खरंच एका बाईचा आवाज आला. लाजरा, हसू दाबून धरलेला. "ऐकू येतंय का?" त्यावर आप्पांचा घोगरा आवाज, "येतंय. बोल." आणि मग काहीच नाही. बाई गप्प, आप्पाही गप्प.

दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतरही तेच. तेच शब्द, तोच हेल, ते तसंच दाबलेलं हसू. आईला राहवेना. "चांगल्या घरची दिसती बाई. पण एवढंच बोलती आन् गप बसती. नवरा बोल म्हणतोय तर बोलावं की!" शेवटी ती भाजीची वाटी घेऊन त्या बाईला भेटायला खाली गेली आणि वाटी तशीच घेऊन वर आली. "बायको वारली म्हणं त्यांची. लई वर्षं झाली," एवढंच म्हणाली. ती भाजी आम्हीच खाल्ली.

आप्पांच्या बायकोला गाव अव्वा म्हणत असे. लग्न असो, सप्ताह असो, शोकसभा असो, आप्पांचा भोंगा लागल्याशिवाय सिरसाळ्यात काही होत नसे, आणि भोंगा लागला की आप्पा टेपही लावून ठेवत. गावातलं जे जे माणूस माईकपुढे उभं राहिलं त्याचा आवाज त्यांच्याकडे होता. आहेर पुकारणारे, मंगलाष्टकं म्हणणारे, "चार शब्द बोलतो" म्हणून तासभर बोलणारे. अव्वा मात्र जन्मात कधी माईकपुढे आल्या नाहीत. फक्त एकदा आप्पा घराच्या धाब्यावर चढून नवा भोंगा बांधत होते आणि तपासायला खाली दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी वरून ओरडून बायकोला बोलायला सांगितलं. अव्वांनी माईक हातात घेऊन विचारलं, "ऐकू येतंय का?" आप्पा वरून म्हणाले, "येतंय. बोल." तोवर अव्वा लाजून माईक ठेवून स्वयंपाकघरात पळाल्या होत्या. टेप चालू होता. त्यात अव्वांचा प्रश्न आला. धाब्यावरून दिलेलं उत्तर काही आलं नाही. पुढे त्या गेल्यावर आप्पा रोज सकाळी अंघोळ झाली, कपाळाला विभूती लावली, की तेवढा तुकडा लावत आणि स्वतः उत्तर देत.

कॅसेटींना बुरशी धरायला लागली तेव्हा आप्पांनी कॉम्प्युटर घेतला. सगळे आवाज त्यात उतरवले. अव्वांची कॅसेट उतरवून झाल्यावर शेवटची म्हणून एकदा लावली आणि टेपनं ती गिळली. आता अव्वा राहिल्या त्या फक्त हार्ड डिस्कवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या त्या लोखंडी डबीत. मी त्यांना म्हटलं, एक प्रत सीडीवर काढू. त्यांनी काढून पाहिली होती. सिरसाळ्याच्या उन्हाळ्यात सीडीला पोपडे आले. मग म्हटलं, एक प्रत शाळेतल्या यंत्रात ठेवते. त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच ओशाळले. "बाई, परक्याच्या घरी कुणी बायको ठेवतं का?"

तर ती कोठी. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणून आप्पांनी कोठीत एक जुना कॉम्प्युटर मांडला, त्यात दोन डिस्का बसवल्या आणि भिंतीला भोक पाडून तिथून दुकानातल्या कॉम्प्युटरपर्यंत वायर ओढली. आवाज सगळे कोठीत. ऐकायचे दुकानात. दुपारी बाजार मंदावला की माणसं यायची आणि बाकड्यावर बसून आपापली मेलेली माणसं ऐकायची. दुकानात बाप किंवा सासू बोलायला लागली की आत कोठीत डिस्क किरकिरल्याचा बारीक आवाज येई, आणि ऐकणारा हमखास त्या काळ्या दाराकडे बघे. एका बाईनं मला दबक्या आवाजात विचारलंही होतं, "आत जाऊन भेटता येतं का हो?"

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे, ते मेंढरांच्या दिवसापर्यंत. एका म्हाताऱ्या धनगराची मेंढरांना घालायची हाळी आप्पांनी उतरवून ठेवली होती. धनगर अर्थात महिन्यात गेला. त्याचा मुलगा कळप घेऊन बाजारपेठेतून चालला होता, बापाचा आवाज ऐकावा म्हणून दुकानात आला. आप्पांनी हाळी लावली. मी जिन्यावर उभी होते. रस्त्यावरचा अख्खा कळप जागच्या जागी थांबला आणि वळला. आवाज दुकानातल्या स्पीकरमधून येत होता, दुकान समोर उघडं होतं. मेंढरं दुकानात शिरली नाहीत. ती बोळातून घराच्या मागे गेली आणि कोठीच्या भिंतीला नाकं लावून उभी राहिली. धनगराच्या पोराला ती हाकलेनात. मी याची कारणं पुष्कळ शोधली आणि मग शोधायची सोडून दिली.

माईकचं म्हणाल तर त्यात काही गूढ नव्हतं, असं मी आईला पटवून देई. आप्पांचा कान तयार होता. लग्नाच्या मांडवात कुणी खोकलं की ते मान वळवत. ज्याचं खोकणं त्यांना बरं वाटलं नाही त्याच्या घरी ते माईक घेऊन जात, "आवाज ऱ्हाऊ द्या दोन शब्द" म्हणून. जे जाणारच होते तेच जात. आई म्हणे, "ते समदं खरं. पण त्यांनी माझ्याकडं मान वळवली तर तू आधी घर बदल."

हाच कान ते डिस्कला लावत. सदऱ्याच्या खिशात एक छोटा स्टीलचा पेला कायम असे. पेल्याचं तोंड डिस्कवर आणि बूड कानाला. डोळे मिटून ऐकत आणि सांगत, "ही दमती," "ही झोपेत दात खाती," "ही अजून लई दिस काढंल." मी पुस्तकात शिकलेली. डिस्क बाहेरून ऐकून कळत नसते, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी वाचून सांगता, आमी ऐकून सांगतो. मरणारी मरंलच."

धाकटी डिस्क निवडायला आम्ही दोघं बीडला गेलो तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. कोठीतल्या दोन डिस्कांपैकी थोरली एकटी पडली होती, तिच्या जोडीची आधीच गेली होती. आप्पांचा नियम असा की एक आवाज दोन डिस्कांवर पाहिजे, आणि त्या दोन डिस्का एका खोक्यातल्या नकोत. एका कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या म्हणजे सगोत्र. "एकीला जे दुखणं तेच दुसरीला. जाताना दोघी एकदम जातेत, मग रडायलाबी कुणी न्हाई." हे मात्र पुस्तकातही असंच होतं, फक्त गोत्र हा शब्द नव्हता.

बसस्टँडजवळच्या गल्लीतल्या दुकानदाराने नेहमीप्रमाणे सगळ्यात वेगानं फिरणारी डिस्क पुढे केली. आप्पांनी ती हातही न लावता परत केली. "पळणारा बैल लवकर बसतो. मला चालणारी दाव." मग एका खोक्यातून दोन सारख्या डिस्का निघाल्या. आप्पांनी दोन्ही जोडायला लावल्या, दोन्हींवर तळहात ठेवून गरम किती होतात ते पाहिलं, आणि खिशातून पेला काढला. दुकानदार हसायला लागला. "आप्पा, टरबूज हाय का हे, वाजवून बघायला?"

"टरबूज नासकं निघालं तर फेकता येतं," आप्पा म्हणाले. "ही नासली तर माणूस जातंय."

दुकानदाराचं हसू गेलं. आप्पांनी सबंध दुपार तिथं काढली. डिस्का भरल्या, रिकाम्या केल्या, बंद केल्या, गार होऊ दिल्या, परत चालू केल्या. उन्हं कलल्यावर एकीवर बोट ठेवलं. "ही. हिचा दम लांब हाय." दुसरीला म्हणाले, "हिच्या पोटात काय तरी हाय. ही खोटी." तेव्हा दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. दुकानदार कळवळला, "आवं, सख्ख्या बहिणी हायत त्या! कावून बदनाम करता?" पण आप्पा बाहेर पडले होते.

परतीच्या बसमध्ये ते मागच्या चाकावर बसले नाहीत, मध्ये जागा मिळेपर्यंत दोन गाड्या सोडल्या. डिस्क उपरण्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांवर उचलून धरली. तेलगावच्या पुढे कंडक्टर जवळ आला. "आप्पा, नातू झाला का काय? हाफ तिकीट लागंल."

"नातू न्हाई," आप्पा शांतपणे म्हणाले. "बायकोला घर घेऊन चाललोय."

कंडक्टरला अव्वा गेल्याचं माहीत असावं. तो ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला.

आणि डिस्क मेली की आप्पा काय करत, तेही सांगायला हवं. आप्पा लिंगायत. त्यांच्यात माणूस जाळत नाहीत. बसवून पुरतात, मीठ आणि विभूती घालून, आणि सूर्य मावळायच्या आत. त्यांचं रान गावाबाहेर ओढ्याकाठी होतं. तिथं निंबाखाली अव्वांची समाधी, आणि तिच्या शेजारी वीतवीत अंतरावर दगडांची एक ओळ. ती ओळ कसली म्हणून मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. आप्पांनी प्रत्येक मेलेली डिस्क पांढऱ्या कापडात गुंडाळून, विभूतीची तीन बोटं ओढून, उभी बसवून पुरली होती. ते रागावले नाहीत. "हिच्यात निम्मं गाव हुतं बाई. माणसं दुसऱ्या घरी ऱ्हायला गेली, पण हिनं सांभाळली हुतीच की. उकिरड्यावर कशी टाकू?" त्यानंतर मला हसू आलं नाही.

पुढच्या वर्षी चैत्रात कोठीतून टकटक यायला लागली. डिस्क मरायला टेकली की सुई अशी टकटकते. मी शाळेत पेपर तपासत होते, आप्पा घरी एकटे. त्यांनी पेला लावला, ऐकलं आणि ठरवलं की धाकटी गेली. सख्खी बहीण खोटी निघालेली, तेव्हा हीही तशीच निघाली, अशी त्यांची खात्री. मी संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांनी ती काढली होती आणि मावळतीच्या आत पुरूनही आले होते. प्रेत घरात ठेवायचं नसतं. मी म्हटलं, "आप्पा, आता ताबडतोब दुसरी आणू. थोरली एकटीच आहे. कुठलीही आणू." त्यांना कुठलीही चालणार नव्हती. परळीला गेले, आवडली नाही. माजलगावला गेले, आवडली नाही. निवडण्यातच दिवस जात राहिले.

आणि धाकटी काढूनही कोठीतली टकटक थांबली नव्हती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एका लोखंडी पेटीत दोन्ही डिस्का एकमेकींना खेटून बसवलेल्या. एकीची टकटक दुसरीच्या अंगातून ऐकू आली होती. मरत होती ती थोरली. धाकटी आप्पांनी जिवंतच पुरली होती. मी हे त्यांना सांगायला खाली उतरले त्याच सकाळी वर आईनं विचारलं, "आज बोलली न्हाई का गं ती?"

आप्पा कोठीच्या उंबऱ्यावर बसले होते. पेला हातातून घरंगळून पायाशी पडला होता. थोरली पूर्ण गप्प झाली होती. मी पुष्कळ खटपट केली, काही उपयोग झाला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "म्हंजे ती रानात हाय."

उकरून काढू, हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मला वाटलं, थोबाडीत बसते की काय. बसवलेल्याला उठवायचं नसतं. आप्पांच्या घरात अशी गोष्ट कुणी बोललंही नसेल. ते दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याखाली येऊन हाक मारली. "बाई, तुमी आमच्यातल्या न्हाईत. तुमाला दोष न्हाई. चला."

टळटळीत दुपार होती. रानात चिटपाखरू नव्हतं. आप्पा अव्वांच्या समाधीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून बसले आणि मी खुरप्यानं माती काढायला लागले. शेवटचा दगड, त्याखाली भेगाळलेली काळी माती, मग मिठाचा पांढरा थर. कापडाला मुंग्या लागल्या होत्या. मी ते उचललं आणि माझ्या हातातून सुटता सुटता राहिलं. डिस्क गरम होती. चालू असलेली असते तेवढी गरम. वैशाख तोंडावर आला होता, माती तापलेली होती, हे मला तिथंच कळत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. आप्पांनी मागे न बघता विचारलं, "कशी हाय?" मी म्हटलं, "गरम आहे." त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते माहीतच होतं.

घरी आणून जोडली तर हूं नाही की चूं नाही. डिस्कच्या खालच्या अंगाला एक हिरवी पट्टी असते. वीज, हुकूम, सगळं तिच्यातून आत जातं. ती मिठानं खाल्ली होती. आत तबकडीवर अव्वा असतील, पण त्यांना बोलायला तोंड उरलं नव्हतं. त्या पट्टीच्या जागी दुसरी बसवता येते, अट एकच की ती अगदी तशाच डिस्कची पाहिजे. त्याच कारखान्याची, त्याच घाण्यातली. मी हे आप्पांना समजावून सांगितलं.

"म्हंजे सख्खी बहीण पायजे," ते म्हणाले.

बीडच्या दुकानदारानं आम्हाला बघताच फळीवरून खोकं काढलं आणि त्यावरची धूळ आमच्या दिशेनं झटकली. "कोण नेणार हिला? तुमी गिऱ्हाइकापुढं खोटी म्हणलात. बीडात पसरलं ते." आप्पांनी दोन्ही हात पुढे करून ती घेतली. तिथंच त्या खोक्याला कपाळ टेकवलं. "चुकलो माय," म्हणाले. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला, मी रस्त्याकडे बघितलं.

त्या दिवशी कोठीत बसून मी खोट्या बहिणीची पट्टी सोडवली आणि धाकटीला बसवली. बटण दाबलं. क्षणभर काही नाही, मग आतून फिरण्याचा तो लांब, दमदार आवाज सुरू झाला. आप्पांनी पेला लावला नाही. मी दुकानात जाऊन तुकडा लावला.

"ऐकू येतंय का?"

मी आप्पांच्या उत्तराची वाट बघितली. आलं नाही. आत जाऊन पाहिलं तर ते ओठ हलवत होते, पण आवाज फुटत नव्हता. मी पाणी दिलं. दोन घोट घेऊन ते म्हणाले. "चांगली डिस्क निवडली म्हंजे झालं, असं वाटायचं मला. बाई, डिस्क टिकंल. ती रोज इचारंल. आन् म्या नसलो तर? जन्मभर इचारत बसंल, वो द्यायला कुणी न्हाई." मला तेव्हा त्यांची फार माया आली. मी फक्त अव्वांच्या आणखी प्रती काढल्या, आणि या वेळी त्यांनी मला अडवलं नाही.

थोड्याच दिवसांनी, रविवारी सकाळी, जिन्यावर त्यांची पावलं वाजली. आप्पा सहसा वर येत नसत. आई तांदूळ निवडत होती. दारात आप्पा, आणि त्यांच्या हातात माईक. आईच्या हातातलं सूप कलंडलं, तांदूळ सगळ्या फरशीभर झाले. "माझं काय भरलं का आप्पा?" तिनं विचारलं. मी उठून आई आणि माईकच्या मध्ये उभी राहिले, पदवीधर असूनसुद्धा.

"न्हाई आक्का," आप्पा खाली वाकून तांदूळ गोळा करायला लागले. "आज माझी पाळी हाय."

आयुष्यभर गावाचे आवाज धरणाऱ्या माणसानं स्वतःचा आवाज कधी धरला नव्हता. खाली का नाही, असं मी विचारलं तर लाजले. "खाली ती ऐकंल." मी शाळेचा कॉम्प्युटर सुटीत वर आणून ठेवला होता, त्याला माईक जोडला. आप्पांनी घसा खाकरला, सदरा नीट केला आणि म्हणाले, "येतंय. बोल." एकदाच. परत घ्यावं लागलं नाही. मग मला म्हणाले, "हे तिच्या मागं जोडा. आन् माझ्या मागं मोकळी जागा ठेवा भरपूर. ती बोलंल."

मी तसं केलं. अव्वांचा प्रश्न, आप्पांचं उत्तर, आणि पुढे बराच वेळ नुसती शांतता. रोज सकाळी त्यांच्या वेळेला ते आपोआप लागेल, आणि वीज जाऊन परत आली तरी यंत्र स्वतःहून चालू होईल, अशी सोय करून दिली. बोलणं कोठीतल्याच स्पीकरवर ठेवलं. त्यांना ते हवं होतं.

आप्पा महिना भरायच्या आत गेले. सकाळी आईनं वरून दोघांचं बोलणं ऐकलं, "आज वेळेवर हायत," म्हणाली आणि चहाला लागली. दूधवाल्यानं दार ढकललं तेव्हा आप्पा कोठीच्या उंबऱ्यावर चौकटीला टेकून बसलेले होते, गार. ते रात्रीच गेले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना बसवायला फारसं काही करावं लागलं नाही. मावळतीच्या आत त्यांना रानात निंबाखाली अव्वांच्या शेजारी बसवलं.

लातूरचा पुतण्या आला, दुकानातलं सामान आणि इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन गेला, खालच्या घराला कुलूप लावून गेला. कोठीतल्या यंत्राला मात्र कुणी हात लावायला धजलं नाही, आणि मीही बंद केलं नाही. कुलूपबंद घरातून रोज सकाळी दोघं बोलत. "ऐकू येतंय का?" "येतंय. बोल." मग शांतता. शेजारच्यांनी आधी तक्रार केली, मग सवय झाली. आम्हालाही.

आषाढात एकदा संध्याकाळी गावची डीपी जळाली. सबंध सिरसाळा अंधारात. दुसऱ्या दिवशीही वीज आली नव्हती. सकाळी मी धाब्यावरून कपडे काढून खाली आले तर आई दारातच बसली होती, गालाला हात लावून, चेहरा एखाद्या लग्नघरातून आल्यासारखा. चहा अजून केला नव्हता.

"आज लई वेळ बोलत हुते गं दोघं," ती म्हणाली.

मी छताकडे पाहिलं. पंखा बंद. दिव्याचं बटण दोनदा दाबून पाहिलं. समोरच्या पिठाच्या गिरणीचं दार वीज नाही म्हणून ओढलेलं होतं. मी जिना उतरून खाली गेले. पुतण्यानं लावलेलं कुलूप तसंच होतं. दाराला कान लावला. आत अगदी सामसूम, यंत्राची घरघरसुद्धा नाही.

वर आले आणि आईसमोर बसले. "दोघं? अव्वापण?"

"तीच तर बोलत हुती. ते नुसतं हं हं म्हणायले."

"काय बोलत होती गं?"

आई उठली, पदर खोचला आणि स्टोव्ह पेटवायला लागली.

"नवराबायकोचं बोलणं," ती म्हणाली. "म्या कशाला ऐकू?"